कोळसा धक्क्यावरच्या कामगारांचा इतिहास कसा शोधावा: डुलुथ–सुपीरियर बंदराच्या आधाराने

सरोवरकाठच्या बंदरांवर भरपूर लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक जहाजांबद्दल, कप्तानांबद्दल आणि कंपन्यांबद्दल. जहाजाच्या पोटात उतरून फावड्याने कोळसा उपसणारा माणूस त्या पानांत 'मजूर' या एका शब्दात आटोपतो. खरं तर सरकारी दप्तरात, शहराच्या नामसूचीत, लष्करभरतीच्या कार्डावर तो सापडतो. फक्त प्रत्येक कागदाला दोन प्रश्न विचारावे लागतात: हा कागद वर्षातल्या कोणत्या तारखेचा, आणि त्या साली धक्क्यावर कोळसा कशाने उतरवत होते? ही उत्तरं हाताशी नसतील तर तीच नोंद भलताच अर्थ सांगते.

इथे उदाहरण घेतलंय ते सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला, सेंट लुईस नदीच्या मुखाशी असलेल्या जुळ्या बंदरांचं: मिनेसोटातलं डुलुथ आणि विस्कॉन्सिनमधलं सुपीरियर. मिलवॉकी, शिबॉयगन, अ‍ॅशलंड, ग्रीन बे किंवा कॅनडातलं थंडर बे यांनाही हीच पद्धत चालते. कायदे आणि कंपन्यांची नावं तेवढी बदलायची.

आधी कोळशाची दिशा पक्की करा

डुलुथच्या आसपास कोळशाच्या खाणी नाहीत. कोळसा पेनसिल्व्हेनिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी इथून रेल्वेने इरी सरोवराच्या बंदरांवर यायचा: टोलेडो, सँडस्की, लोरेन, क्लीव्हलंड, अ‍ॅश्टब्युला, कॉनियट. तिथे तो जहाजात भरला जाई आणि सू सेंट मरीचे जलपाश (पाण्याची पातळी बदलून जहाज चढवणारे-उतरवणारे दरवाजे) ओलांडून सुपीरियर सरोवरात येई. लोहखनिज खाली नेणारी जहाजं परतीच्या फेरीत रिकामी जाण्यापेक्षा कोळसा आणत, म्हणून वर येणाऱ्या कोळशाचं भाडं कमी असे. तरी बरेच मालक घाईच्या दिवसांत कोळसा न घेताच परतत, कारण खनिज काही तासांत भरून होई आणि कोळसा उतरवायला त्याहून बराच वेळ लागे. हा जास्तीचा वेळ म्हणजेच आपल्या कामगारांचं काम. जहाजमालकांचा सगळा तगादा तो वेळ कमी करण्यासाठी होता, आणि धक्क्यावर आलेलं जवळपास प्रत्येक यंत्र त्या तगाद्यापोटी आलं.

दोन्ही टोकांचे कामगार वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. इरीच्या टोकाला भरणी होती: आधी हाताने, मग अख्खी वॅगन उचलून उलटी करणाऱ्या यंत्राने. जहाजाच्या पोटात पडलेला कोळसा सारखा करणारे 'ट्रिमर' हे तिथले. डुलुथ–सुपीरियरला उतरणी, साठवण, चाळण आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या वॅगनी भरणं. एका टोकाचा इतिहास पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये.

दुसरी सरमिसळ सर्वांत जास्त होते: कोळशाचा धक्का आणि लोहखनिजाचा धक्का. खनिजाचा धक्का म्हणजे ८० फुटांच्या घरातला उंच सांगाडा. वर रेल्वे, बाजूला खाली उतरणाऱ्या पन्हाळ्या. कोळशाचा धक्का बसका, लांबट, मागे ढीग आणि ढिगांवरून आडवा गेलेला यारीचा पूल. १९१३ च्या ऑगस्टमध्ये सुपीरियरच्या अ‍ॅलुएझ भागात जो संप झाला, ज्यात आय. डब्ल्यू. डब्ल्यू. (इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड) या कामगार संघटनेचा फ्रँक लिटल उतरला होता, तो खनिज धक्क्यांवरचा. तो कोळसा कामगारांच्या नावावर जमा करू नका.

भिंतीवर लावायचं हंगामाचं कॅलेंडर

कुठलंही दप्तर उघडण्याआधी बारा रकान्यांचा एक तक्ता करा. त्या काळी जहाजवाहतूक साधारण एप्रिलच्या मध्यापासून किंवा अखेरीपासून डिसेंबरच्या पूर्वार्धापर्यंत. मधले चार महिने बंदर गोठलेलं आणि जलपाश बंद. ज्या वर्षांवर काम करताय त्या प्रत्येक वर्षी पहिलं आणि शेवटचं जहाज कधी आलं, ते वर्तमानपत्रातून काढून तक्त्यात भरा. ती बातमी दरवर्षी पहिल्या पानाच्या आसपास असतेच.

बंदर गोठलं तरी धक्का थांबत नसे. सात–आठ महिन्यांत साठवलेला कोळसा हिवाळाभर मिनेसोटा आणि डाकोटाच्या गावांना जायचा. म्हणजे एकाच धक्क्यावर दोन वेगळ्या नोकऱ्या होत्या: उन्हाळ्यातली उतरणीची टोळी आणि हिवाळ्यात वॅगनी भरणारी, बरीच लहान टोळी. उन्हाळी टोळीतले बरेच जण थंडीत लाकूडतोडीच्या तळांवर किंवा बर्फ कापायला जात. गोठलेल्या ढिगावर वरचा थर दगडासारखा घट्ट होई. तो आधी फोडावा लागे, मग फावडं लागू पडे. जानेवारीतल्या बातमीत 'धक्क्यावर ४० माणसं' असं दिसलं तर जुलैतही तेवढीच होती असं धरू नका.

यंत्र बदललं की काम बदललं

दुसरा तक्ता धक्क्यांचा. प्रत्येक धक्क्याला एक ओळ: मालक, बांधणीचं साल, उतरणीचं यंत्र, ते कधी बदललं. नॉर्थवेस्टर्न फ्युएल, पिट्सबर्ग कोल, फिलाडेल्फिया अँड रीडिंग, बर्विंड, सी. रीस ही नावं वारंवार भेटतील. मालकी बदलली तरी लोकांच्या तोंडी जुनं नाव राहतं, म्हणून धक्क्याला स्वतःचा क्रमांक द्या आणि नावं त्याखाली लिहा.

धक्क्यांचे आकार सॅनबॉर्न कंपनीच्या आगविमा नकाशांवर मिळतात. प्रमाण बहुधा १ इंचाला ५० फूट. गुलाबी रंग म्हणजे वीटकाम, पिवळा लाकूडकाम, निळा दगड, करडा लोखंड. अँथ्रासाइट (कठीण कोळसा) छपराखाली ठेवत, बिट्युमिनस (मऊ कोळसा) उघड्यावर; त्यामुळे कोणत्या धक्क्यावर कोणता कोळसा होता, हे नकाशातल्या छपरांवरून बऱ्याच अंशी कळतं. काँग्रेस ग्रंथालयाने यातले बरेच नकाशे ऑनलाइन ठेवले आहेत. एका धक्क्याचे दोन–तीन सालांचे नकाशे शेजारी ठेवा, यंत्र कधी आलं ते तिथेच दिसतं. एक काळजी: जुन्या नकाशावर नवी माहिती कागदाची चिकटी लावून दुरुस्त करत. मुखपृष्ठावरचं साल मूळ नकाशाचं असतं, चिकटीचं असेलच असं नाही.

हातउतरणीत काम असं चाले. टोळी होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटात उतरते. वरून दोरखंडाला टब येतो, तो फावड्यांनी भरायचा, घोड्याच्या किंवा वाफेच्या ताकदीने तो वर जातो, धक्क्यावर रिकामा होतो, तिथून गाडीने ढिगाकडे. सुरुवातीचा टप्पा कष्टाचा, कारण पायाखाली फक्त कोळसाच असतो आणि फावडं ढेकळांत अडकतं. खणत खणत तळ उघडा पडला की फावडं फळीवरून सपाट सरकतं आणि हात भराभर चालतो. शेवटी कोपऱ्यांतला आणि दोन हॅचच्या (डेकवरच्या माल उतरवायच्या झरोक्यांच्या) मधला कोळसा लांबून ओढून आणावा लागतो, तिथे पुन्हा वेग पडतो. टनावर मजुरी असलेल्या माणसाला हे तीन टप्पे पक्के ठाऊक असत. कोणत्या हॅचखाली कोण, यावरून होणाऱ्या भांडणांचं मूळ इथे आहे.

१८८० च्या दशकापासून क्लीव्हलंडच्या अलेक्झांडर ब्राउनच्या उचलयंत्रणा सरोवरकाठी पसरू लागल्या. पुढे दोन जबड्यांची ग्रॅब बादली आणि पुलासारखी यारी आली. ग्रॅब मधला कोळसा स्वतःच उचलते. माणसांच्या वाट्याला उरतात कडा, कोपरे आणि खाचा: तिथला कोळसा ग्रॅबच्या आवाक्यात ओढायचा, आणि तोही डोक्यावर ती पोलादी बादली झुलत असताना. टोळी लहान झाली, पण जो भाग उरला तो सर्वांत त्रासाचा. १८८८ ते १८९८ मध्ये बांधलेल्या व्हेलबॅक, म्हणजे गोल पाठीच्या जहाजांचे हॅच इतके लहान की त्यांत ग्रॅब नीट चालत नसे, म्हणून यंत्र आलेल्या धक्क्यावरही त्या जहाजाला फावडेवाले जास्त लागत. त्या जातीचं उरलेलं शेवटचं जहाज, १८९६ चं 'मिटिऑर', सुपीरियरच्या बार्कर्स बेटावर संग्रहालय म्हणून उभं आहे. हॅचचं माप प्रत्यक्ष पाहायचं तर तिथे जावं.

याउलट टोक म्हणजे स्वतःच माल उतरवणारी जहाजं. १९०२ मध्ये 'हेनेपिन'चं तसं रूपांतर झालं आणि १९०८ मध्ये मुळातच तशा बांधणीचं 'वायनडॉट' आलं. तळाशी झडपा, त्यांखाली पट्टा. होल्डमध्ये फावडं लागतच नाही. बंदरात अशी जहाजं किती टक्के येत होती, हे दर दहा वर्षांनी मोजा. माणसं कमी होण्याचं कारण 'मंदी' असं लिहून मोकळं होण्याआधी हा आकडा पाहायलाच हवा.

ढिगावरचं काम बहुतेक लेखांत येतच नाही, आणि ते यायला हवं. बिट्युमिनस कोळसा ढिगात आपोआप तापतो. उंचावरून टाकला की मोठी ढेकळं उतारावरून खाली घरंगळतात आणि चुरा मध्यभागी साचतो. खालच्या ढेकळांच्या फटींतून हवा आत शिरते, चुऱ्याशी तिची प्रक्रिया होते आणि उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून ढिगात लोखंडी सळया खुपसून ठेवत. थोड्या वेळाने सळई उपसायची आणि लांबीवर हात फिरवून कोणत्या खोलीला ती तापली ते पाहायचं. साधारण ६५ अंश सेल्सियसच्या वर गेलं की तो भाग उपसून पसरायचा. वरून पाणी मारून भागत नसे, कारण पाणी आपली वाट शोधून निसटतं आणि तापलेल्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही. 'धक्क्याला आग' अशी बातमी दिसली की ज्वाळांपेक्षा उपसणीचे दिवस मोजा: किती माणसं, किती दिवस, आणि त्या कामाचा वेगळा दर होता का.

माणसांची नावं

इथे वेळ जातो आणि इथेच बहुतेकांचं चुकतं.

जनगणनेच्या तारखा पाठ करा. १९०० ची गणना १ जूनची, १९१० ची १५ एप्रिलची, १९२० ची १ जानेवारीची, १९३० आणि १९४० ची १ एप्रिलची. आता त्या कॅलेंडरवर मांडा. १९०० चीच तेवढी ऐन हंगामातली. १९२० ची गणना बंदर गोठलेलं असताना झाली; उन्हाळ्यात कोळसा उपसणारा माणूस त्यात लाकूडतोड्या किंवा नुसता 'मजूर' म्हणून सापडेल, किंवा त्या शहरात सापडणारच नाही. १९०० ते १९२० दरम्यान धक्का कामगार निम्मे झाले असा निष्कर्ष केवळ या दोन गणनांवरून काढला तर तो बर्फाचा परिणाम असेल, उद्योगाचा नाही.

१९०० च्या फॉर्ममध्ये १९ व्या रकान्यात व्यवसाय आणि २० व्यात वर्षातले किती महिने काम नव्हतं. १९१० मध्ये १८ व्यात व्यवसाय, १९ व्यात उद्योग, २१ व्यात १५ एप्रिलला बेकार होता का, २२ व्यात १९०९ साली किती आठवडे काम नव्हतं. व्यवसायात 'मजूर' आणि उद्योगात 'कोल डॉक' अशी जोडी हवी; फक्त व्यवसायाचा रकाना उतरवून घेतला तर आपली माणसं हातची जातात. २२ व्या रकान्यात १६ ते २० आठवडे दिसले तर तो हंगामी माणूस. शून्य दिसलं तर तो हिवाळी टोळीतला, यंत्रावरचा, किंवा थंडीत दुसरीकडे कमावणारा. १९४० च्या गणनेत १९३९ साली किती आठवडे काम केलं आणि किती मजुरी मिळाली हेही आहे. मात्र रोजगाराचा प्रश्न २४ ते ३० मार्च या आठवड्याचा, म्हणजे बंदर बंद असतानाचा.

१८९० च्या गणनेची जवळपास सगळी कागदपत्रं १९२१ च्या आगीनंतर गेली. ती पोकळी भरायला मिनेसोटाची १८९५ ची राज्य गणना आहे. १९०५ ची गणना दोन्ही राज्यांनी घेतली, तीत व्यवसाय आहे आणि ती जूनमधली आहे, म्हणून ती फार मोलाची. १९५० ची संघराज्य गणना १ एप्रिल २०२२ पासून खुली झाली. त्यापुढच्या ७२ वर्षं बंद राहतात.

त्याहून चांगला स्रोत म्हणजे पहिल्या महायुद्धाची भरती कार्डं. ५ जून १९१७ ला २१ ते ३० वयाच्या पुरुषांची नोंद झाली आणि १२ सप्टेंबर १९१८ ला १८ ते ४५ मधल्या उरलेल्यांची. दोन्ही तारखा भर हंगामातल्या, आणि दोन्ही कार्डांवर मालकाचं नाव आणि कामाची जागा विचारलेली. एखाद्या धक्क्याची माणसं गोळा करायला यासारखं दुसरं साधन नाही. २७ एप्रिल १९४२ ला ४५ ते ६४ वयाच्या पुरुषांची नोंद झाली, त्या कार्डांवरही मालकाचं नाव आहे. फॅमिली सर्च या संकेतस्थळावर ही कार्डं विनामूल्य पाहता येतात.

पोल्क कंपनीच्या वार्षिक शहर नामसूच्या यांना जोडून वापरा. तिथे घरमालक, भाडेकरू आणि खानावळीत राहणारा यांना वेगवेगळी संक्षिप्त अक्षरं आहेत. यादी पहिल्या पानांवर असते, ती आधी उतरवून घ्या. एकाच पत्त्यावर दहा–बारा पुरुष दिसले की ती खानावळ. पुढच्या वर्षी त्यांतले किती राहिले ते पाहिलं की टोळी किती टिकाऊ होती ते कळतं. फिनिश, पोलिश, स्वीडिश, नॉर्वेजियन नावं गणनेवाल्याने कानाने लिहिली आहेत. एकाच माणसाची तीन स्पेलिंगं धरून चाला आणि नावापेक्षा पत्ता, वय आणि बायकोचं नाव जुळवा.

टन आणि मजुरी

सू कालव्याच्या वार्षिक अहवालांत अँथ्रासाइट आणि बिट्युमिनस वेगवेगळे दिले आहेत. कोळसा २,००० पौंडांच्या नेट टनात मोजतात, म्हणजे ९०७ किलो. लोहखनिज २,२४० पौंडांच्या ग्रॉस टनात, म्हणजे १,०१६ किलो. दोन्ही एका तक्त्यात सरळ घातले तर १२ टक्क्यांची चूक बसते. सगळं मेट्रिकमध्ये आणा आणि मूळ आकडा शेजारी ठेवा.

मजुरीत उक्ता दर आणि तासाचा दर यांची तुलना थेट करू नका. हिशेब कसा करायचा, त्यासाठी आकडे कल्पनेतले घेऊ. जहाजात २,००० टन, दर टनाला १२ सेंट, टोळीत २४ माणसं. एकूण २४० डॉलर, माणशी १०. काम ३० तास चाललं तर तासाला ३३ सेंट, चांगलंच वाटतं. पण जहाज उशिरा आलं आणि टोळी १८ तास धक्क्यावर ताटकळली असेल तर ४८ तासांना १० डॉलर, म्हणजे तासाला २१ सेंट. थांबलेल्या तासांचे पैसे मिळत का, हा प्रश्न कराराच्या प्रत्येक बातमीत शोधा. कामगारांच्या तक्रारी बहुतेक दरापेक्षा या ताटकळण्यावर आणि टनाचं वजन कोण ठरवतो यावर असत.

संघटना, संप, वर्तमानपत्रं

लाँगशोअरमेनची, म्हणजे गोदी कामगारांची संघटना मुळात सरोवरांचीच: १८९२ मध्ये डेट्रॉइटला स्थापना, १८९५ मध्ये 'आंतरराष्ट्रीय' हे नाव, १९०८ पर्यंत अध्यक्ष डॅनियल कीफ. १९०८ मध्ये लेक कॅरियर्स असोसिएशन या जहाजमालकांच्या संघटनेने जहाजांवर संघटनेशी करार न करण्याचं धोरण जाहीर केलं आणि १९०९ ते १९१२ खलाशांचा संप चालला. करार कोणत्या साली होता आणि कोणत्या साली नव्हता, याची ओळ हंगामाच्या तक्त्यात घाला.

डुलुथमध्ये १८९६ पासून निघणारं 'लेबर वर्ल्ड' हे कामगार साप्ताहिक, आणि १९१४ मध्ये सुपीरियरला आलेलं फिनिश 'ट्योमिएस', ही दोन पत्रं पाहिल्याशिवाय कोणत्याही संपावर लिहू नये. व्यापारी दैनिकात संपाची सुरुवात येते, मागण्या कामगारपत्रात येतात. डिजिटल शोधात यंत्र 'डॉक'चं 'क्लॉक' किंवा 'डेक' करून ठेवतं; म्हणून 'कोल डॉक'बरोबर कंपनीचं नाव, 'कोल हीव्हर' आणि 'शॉव्हलर्स' असे चार शोध वेगवेगळे घ्या. पेनसिल्व्हेनियातला १९०२ चा अँथ्रासाइट खाणसंप आणि १९२२ चा कोळसा संप यांच्या तारखाही मांडून ठेवा. धक्क्यावर माणसं घरी बसली ती कधीकधी इथल्या वादामुळे नव्हे, तर तिकडून कोळसाच न आल्यामुळे.

अपघात

विस्कॉन्सिनचा कामगार भरपाई कायदा १९११ चा, मिनेसोटाचा १९१३ चा. त्याआधीचे अपघात दिवाणी दाव्यांत आणि कॉरोनरच्या (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नोंदीत मिळतात. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदर्न पॅसिफिक विरुद्ध जेन्सन खटल्यात ठरवलं की जहाजावर जखमी झालेल्या गोदी कामगाराला राज्याचा भरपाई कायदा लागू होत नाही. संघराज्याचा लाँगशोअर भरपाई कायदा १९२७ मध्ये आला. त्यामुळे या दहा वर्षांत माणूस पडला तेव्हा तो होल्डमध्ये होता की धक्क्यावर, यावर त्याच्या कुटुंबाला काय मिळालं हे ठरलं आणि कागद कुठे गेला हेही. अपघाताच्या प्रत्येक नोंदीत जागेचा वेगळा रकाना ठेवा. १९१७ नंतर राज्याच्या अहवालात आकडे घटलेले दिसले तर काम सुरक्षित झालं असं लिहू नका.

दप्तरं कुठे आहेत

मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ ग्रंथालयात ईशान्य मिनेसोटाचा ऐतिहासिक संग्रह आहे. सुपीरियरच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जिम डॅन हिल ग्रंथालयात डग्लस काउंटीची कागदपत्रं आहेत. स्थलांतरितांच्या संघटनांसाठी मिनिआपोलिसचं इमिग्रेशन हिस्टरी रिसर्च सेंटर, जहाजांच्या मापांसाठी बोलिंग ग्रीन विद्यापीठाचा ग्रेट लेक्स संग्रह. जाण्याआधी धक्क्यांचा तक्ता पाठवा. नुसतं 'कोळसा कामगार' असं विचारलं तर फार थोडं हाती लागतं, कंपनीचं नाव आणि सालं दिली तर खोके बाहेर येतात.

काळ कुठे थांबवायचा

रेल्वे डिझेलवर गेली, घरं तेल आणि वायूवर तापू लागली, आणि वर येणारा कोळसा आटला. मग १९७६ मध्ये सुपीरियरला मिडवेस्ट एनर्जी टर्मिनल सुरू झालं आणि प्रवाह उलटला: मोंटाना–वायोमिंगचा कमी गंधकाचा कोळसा रेल्वेने इथे यायचा आणि पट्ट्यांवरून जहाजात भरून डेट्रॉइटकडच्या वीजकेंद्रांना जायचा. १९७६ नंतरची टनांची आकडेवारी आधीच्या आलेखाला जोडू नका. कोळसा निराळा, दिशा निराळी आणि टनामागे लागणारी माणसं फारच थोडी. तिचा तक्ता स्वतंत्र ठेवा.